लिदीवरचा भात

"उठलीस का गं गुलामडे? तुझा मालक दारात उभा आहे आणि त्याचा घोडाही. आधी सलाम कुणाला करतेस ते बघू!"

लूगा गावातल्या त्या गल्लीत कोंबड्यांच्या पाठोपाठ आवाज यायचा तो आलासान जोपचा. छकड्यावरून लिदीच्या पाट्या उतरवता उतरवता तो अशी हाळी द्यायचा की झोपलेल्याने कूस बदलावी. आणि आतून बिनेता न्जाय उत्तर द्यायला टपलेलीच असायची.

"मालक म्हणे! काल कुणाच्या दारात पातेलं खरवडत बसला होतास रे भुक्कडा? तुझ्यापेक्षा तुझा घोडा बरा. पुढ्यात टाकलं तेवढंच खातो बिचारा."

नवख्याला वाटावं, आता जुंपणार. पण जोप आणि न्जाय या आडनावांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. जोपने न्जायला गुलाम म्हणायचं, न्जायने जोपला खादाड म्हणायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. अनोळखी जोप-न्जाय बसमध्ये शेजारी बसले तरी आधी एकमेकांची अब्रू काढतात, मग घरच्यांची खुशाली विचारतात. या थट्टेत काय वाटेल ते बोलायची मुभा असते. रागवायची मात्र नसते. रागावला त्याने नातंच तोडलं, असं सगळे धरून चालतात. म्हणून कुणी रागावत नाही. बिनेताने तर जन्मात कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

बिनेता पन्नाशीची. सकाळी चौकात चवळीची उसळ पावात भरून विकायची. नवरा देम्बा घोडागाडीवाला होता. तो गेल्यावर घोडा विकला गेला आणि अंगणात राहिली फक्त जागा. आलासान हा देम्बाचा अड्ड्यावरचा सोबती. त्याच्याकडे दोन घोडे, पण घर म्हणजे काडेपेटी. शेणा-लिदीपासून घरच्या घरी गॅस करायची योजना घेऊन माणसं आली तेव्हा या दोघांनी डोकं लढवलं. खड्डा बिनेताच्या अंगणात, लीद आलासानची. गॅस तिला, आणि खड्ड्यातून बाहेर पडणारं पातळ काळं खत त्याला, गावाबाहेरच्या कांद्याच्या वाफ्यांसाठी.

घोड्याची लीद गाईच्या शेणासारखी गुणाची नसते. ती काडीकचऱ्याने भरलेली, कोरडी. पाण्यात टाकली की तरंगते. तशीच आत ढकलली तर नळी तुंबलीच म्हणून समजा. ती आदल्या दिवशी हौदात भिजवायची, हातांनी चुरायची, वर आलेली काडी निथळून काढायची आणि मग तो राबडा खड्ड्यात सोडायचा. रोज सकाळी हौदाच्या एका काठाला आलासान आणि दुसऱ्या काठाला बिनेता, कोपरापर्यंत हात घालून, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत हे काम करायचे. मग बिनेता हात धुऊन शेगडी पेटवायची. निळी ज्योत फुरफुरायची आणि चवळी रटरटायला लागायची. सरपणासाठी वणवण नाही की डोळ्यांत धूर नाही.

गल्लीला हे सगळं ठाऊक होतं. सुरुवातीला दोघाचौघांनी नाकं मुरडली. घोड्याची लीद कपड्याला लागली तर धुतल्याशिवाय नमाज होत नाही, आणि ही बया तिच्यावर अन्न शिजवते! पण मशिदीतल्या म्हाताऱ्या इमामांनी अंगणात येऊन शेगडी पाहिली, "आगीला ना वास ना डाग," म्हणाले आणि उसळीचे दोन पाव खाऊन गेले. विषय तिथेच मिटला.

मिटला, म्हणजे लूग्यात मिटला. डाकारचं वेगळं होतं.

बिनेताची एकुलती एक मुलगी आस्तू राजधानीत, डाकारला दिलेली होती. लग्नात विहीणबाई फामा याच अंगणात आल्या होत्या. हज केलेली बाई, कडक इस्त्रीचा झगा, मनगटभर सोनं. त्यांनी ओढणीचं टोक नाकाशी नेलं आणि विचारलं, "इथे घोडे बांधता वाटतं?"

"शेजाऱ्यांचे," बिनेता म्हणाली होती.

"आणि तुमचे मालक काय करायचे?"

"वाहतुकीचा धंदा होता."

फामाबाईंच्या डोळ्यांसमोर ट्रक उभे राहिले असणार. बिनेताने ते उभे राहू दिले. ज्या घोड्याने तिला आणि आस्तूला जगवलं त्याला तिने एका शब्दात शेजाऱ्यांचा करून टाकलं, आणि त्या दिवशी तिला त्याचं फार काही वाटलंही नाही.

आता आस्तू पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. मुलगी झाली. बारसं इथेच करायचं ठरलं, बाळाला आजीचं, म्हणजे फामाबाईंचं नाव द्यायचं ठरलं आणि विहीणबाई आठवडाभर राहणार असा निरोप आला. त्या रात्रीपासून आस्तूचं सुरू झालं.

"आई, त्यांना लिदीचं कळलं तर मला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. माझ्या जावांचं तोंड तुला माहीत नाही. 'लिदीवर वाढलेली' म्हणतील मला. माझ्या पोरीलाही म्हणतील."

"अगं, पण इमामसाहेबांनी..."

"इमामसाहेब माझ्या सासरी राहत नाहीत!"

बिनेताने मुलीला समजवायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. विहिणीपुढे मान ताठ राहावी, एवढं एकच तिच्या मनाने घेतलं. मग तिने चौकातून दोन रिकाम्या गॅसच्या टाक्या मागून आणल्या आणि शेगडीशेजारी दिमाखात उभ्या केल्या. खड्ड्याकडून येणारी नळी चटईखाली दडवली. हौदावर पत्रा टाकला आणि पत्र्यावर कुंड्या मांडल्या. धूप तर असा जाळला की शेजारीण विचारत आली, घरात कुणी आजारी आहे का.

राहिला आलासान. त्याला पत्र्याखाली लपवता येत नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवशी हौदाशी हात धुताना ती म्हणाली, "उद्या सकाळी लीद आणू नकोस."

"का गं? तुझ्या खड्ड्याचा उपास आहे?"

"पाहुणे आहेत. आणि... तू दुपारी ये. जेवणं उरकल्यावर."

आलासानने तिच्याकडे पाहिलं. तिने हात धुणं काही संपवलं नाही.

"उरकल्यावर?" तो म्हणाला. "म्हणजे न्जाय लोकांनी सगळं चाटूनपुसून खाल्ल्यावर? बरं आहे. गुलामांच्या घरी मालकाला खरवड!" आणि तो हसला. हसायचंच असतं, म्हणून तीही हसली. पण घोडा वळवताना तो शीळ घालत नव्हता, एवढं तिच्या लक्षात आलं. तिने ते मनावर घेतलं नाही.

बारशाला सकाळी भरडीची खीर आणि दही झालं, मेंढा कापला गेला, इमामसाहेबांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. फामा! बायकांनी टाळ्या पिटल्या. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बिनेताचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "विहीणबाई, घर कसं आरशासारखं ठेवलंय तुम्ही." बिनेताला आभाळ ठेंगणं झालं. आस्तूने लांबूनच आईकडे पाहून मान हलवली. सगळं पार पडत होतं.

पण कुठल्या बारशाचं जेवण वेळेवर होतं? मटण शिजता शिजेना, डाकारचे पाहुणे फोटो काढता काढता थांबेनात. भाताच्या मोठमोठ्या थाळ्या चटयांवर आल्या तेव्हा सूर्य कलला होता. सहा-सात जण एकेका थाळीभोवती बसले, पहिला घास उचलला, आणि दारात आवाज आला, "सलाम आलेकुम!"

आलासान आला होता, सांगितल्या वेळेला. घासून घासून आंघोळ केलेली, अंगात ठेवणीतला पांढरा झगा, डोक्यावर इस्त्रीच्या घडीची टोपी. खांद्यावर कांद्यांच्या दोन जाडजूड वेण्या होत्या. असे टपोरे आणि लालबुंद कांदे की डाकारच्या बायकांनी लगेच माना वळवल्या. त्याने वेण्या फामाबाईंच्या पायाशी ठेवल्या.

"बाळाच्या आजीला. माझ्या शेतातले आहेत."

"या, या, भाऊ, बसा," फामाबाई सरकल्या. "आडनाव काय आपलं?"

"जोप."

"जोप!" फामाबाईंनी मांडीवर थाप मारली. "अहो, मी पण माहेरची जोप! आणि या न्जाय लोकांत एकटीच अडकलेय सकाळपासून!"

मग काय विचारता! दोन जोप एकत्र आले आणि समोर एकटी न्जाय. आलासानला चेव चढला. "ताई, बरं झालं तुम्ही आलात. ही बिनेता आमची पिढीजात गुलाम. हिच्या आजोबाला आमच्या आजोबांनी एका वाडगाभर भातावर विकत घेतलं, आणि न्जाय लोक अजून म्हणतात, भाव चांगला मिळाला!"

हशा उसळला. फामाबाई कोपराने त्याला ढोसत म्हणाल्या, "म्हणूनच का मटण इतकं कमी वाढलंय?"

"कमी? नशीब समजा मिळालं! न्जायसारखा चिक्कू प्राणी देवाने केला नाही. ही बाई सरपणाला पैसा सोडत नाही, म्हणून माझ्या घोड्याच्या मागे पाटी घेऊन पळते. तुम्ही जेवताय ना, हा भात माझ्या घोड्याच्या लिदीवर शिजलाय!"

अंगण हसून हसून लोळलं. फामाबाईंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, त्यांना बोलता येईना. एकाने घास नाकाशी नेला आणि घोड्यासारखा खिंकाळला, तसे लोक आणखी हसले. त्या अख्ख्या अंगणात एकालाही ते खरं वाटलं नव्हतं. थट्टेतलं कुणी खरं धरतं का?

बिनेताला मात्र हसू ऐकूच आलं नाही. तिला फक्त एक शब्द ऐकू आला. इतके दिवस चटईखाली, पत्र्याखाली, धुपाच्या धुराखाली दाबून ठेवलेलं सगळं या माणसाने भर पंगतीत उघडं टाकलं, असं तिला वाटलं आणि तिच्या डोळ्यांपुढे काही दिसेनासं झालं.

"बास! तोंड आवर!" ती उभी राहून ओरडली. "तुझ्या अंगाला लिदीची घाण येते ती तुझ्यापाशी ठेव! कुणी बोलावलं तुला इथे? घोडेहाक्या कुठला! ऊठ माझ्या थाळीवरून!"

हसू एकदम थांबलं. आधी काहींना वाटलं, हाही थट्टेचाच भाग आहे. मग त्यांनी बिनेताचा चेहरा पाहिला आणि माना खाली घातल्या.

आलासानच्या हातात भाताचा घास होता. तो त्याने थाळीच्या कडेला, आपल्या वाटणीच्या जागी परत ठेवला. कोपऱ्यातल्या तांब्याने हात धुतला. मग तिच्यासमोर येऊन अगदी हळू म्हणाला, "माझं चुकलं, बिनेता न्जाय. तुमच्या पाहुण्यांपुढे मी जास्त बोललो. देव बाळाला उदंड आयुष्य देवो."

तुमच्या. इतक्या वर्षांत त्याने तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. देम्बाच्या मयतीलाही नाही. तेव्हासुद्धा कबरस्तानातून परतल्यावर तो म्हणाला होता, 'रडून घे गं गुलामडे, मी आहे.' तो निघून गेला आणि दाराबाहेर घोड्याच्या टापा वाजल्या.

जेवणं कशीबशी उरकली. चहाच्या फेऱ्या झाल्या. संध्याकाळी फामाबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी एक टाकी हाताने हलवून पाहिली. ती पोकळ वाजली. मग पायाच्या अंगठ्याने चटई सारली.

"ही नळी कुठे जाते?"

"खड्ड्याकडे," बिनेता म्हणाली. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"म्हणजे ते खरं बोलत होते."

"हो."

"मला नव्हतं वाटलं खरं. कुणालाच नव्हतं वाटलं." फामाबाईंनी चटई पायाने परत जागेवर सारली. "तुम्ही रागावलात तेव्हा वाटलं."

बिनेताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पुटपुटली, "तुम्हाला किळस येईल म्हणून..."

"आली असती. एखाद दिवस. मग त्याच थट्टेत मीही मिसळले असते." फामाबाई दाराशी थांबल्या. "विहीणबाई, मीही जोपच आहे. उद्या मी काही बोलले तर मलाही थाळीवरून उठवाल?"

त्या भांडल्या नाहीत. डाकारला काम निघालं असं सांगून त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाल्या. बाळाला छातीशी धरलं, सगळ्यांना आशीर्वाद दिले आणि कांद्यांच्या दोन्ही वेण्या आठवणीने गाडीत ठेवून घेतल्या. आस्तू रडत होती. "मी लपव म्हटलं होतं आई," ती म्हणाली. "माणसाला हाकल असं नव्हतं म्हटलं." पोरीचं कुठे चुकलं होतं? चटई कुणी अंथरली होती?

त्यानंतरच्या सकाळी बिनेता पहाटेपासून कान लावून बसली. तो येणार नाही, खड्डा उपाशी मरेल आणि ज्योत पिवळी पडून विझेल, अशी तिची खात्री होती. ते झालं असतं तर एका परीने बरं वाटलं असतं. तिला शिक्षा मिळाली असती.

पण छकडा वाजला. पाट्या उतरल्या. हाळी मात्र आली नाही. ती बाहेर गेली तेव्हा आलासान हौदावरचा पत्रा बाजूला करून बाह्या सारत होता.

"सलाम आलेकुम, बिनेता न्जाय. रात्र शांततेत गेली ना? लेक बरी? बाळ बरं?"

"सगळं शांततेत," ती म्हणाली. "तुझे... तुमचे घोडे?"

"देवाची कृपा."

दोघांनी हात घातले, लीद चुरली, काडी काढली. राबडा खड्ड्यात गेला. त्याने आपलं खत भरून घेतलं आणि देव तुमचं भलं करो म्हणून तो गेला. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी बिनेताने जीव गोळा करून म्हटलं, "काय रे खादाडा, आज पाट्या अर्ध्याच? बाकीची खाल्लीस का?" तो किंचित हसला. पाहुणा यजमानाच्या विनोदाला हसतो तसा. "नाही, आज एकच घोडा तळावर होता," तो म्हणाला आणि लीद चुरत राहिला.

गल्लीतले लोक आता सकाळी शांत झोपायचे. चौकात उसळ घ्यायला येणारे गाडीवाले पाव घेऊन मुकाट्याने निघून जायचे. तिला कुणी वाईट बोलत नव्हतं. बोलले असते तर तिने अंगावर झेललं असतं.

शेवटी एका शुक्रवारी तिने भात केला. बारशाला केला नव्हता इतका जीव ओतून केला. त्याच शेगडीवर, मासळी, वांगं, गाजर आणि आलासानच्याच वाफ्यातले कांदे घालून. खाली मुद्दाम खरवड धरू दिली, कारण त्याला ती आवडते. पातेलं डोक्यावर घेतलं, हातात लिदीची रिकामी पाटी घेतली आणि भर उन्हात गाडीतळावर गेली. तिथे सगळे गाडीवाले छकड्यांच्या सावलीत बसलेले होते.

तिने पातेलं आलासानपुढे ठेवलं, स्वतः जमिनीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जोपची गुलाम आली आहे, मालक. तुमच्या घोड्याच्या लिदीवर शिजवलेला भात आणलाय. न्जायच्या हातचा आहे, मीठसुद्धा उसनं आणलंय. आता काय म्हणायचंय ते म्हणा."

गाडीवाले खूश झाले. एकजण ओरडला, "सोडू नकोस तिला, आलासान!" सगळे सरसावून बसले. बिनेताच्या जिभेवर उत्तर तयार होतं. त्याने चिक्कू म्हटलं की काय म्हणायचं, खरवड जळली म्हटलं की काय म्हणायचं, वाटभर तिने तेच घोळवलं होतं. त्याने एक शिवी घालावी, एकच, एवढ्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता.

आलासानने हात धुतला. देवाचं नाव घेतलं आणि घास उचलला. सावकाश चावला, गिळला, दुसरा घेतला. खरवडीचा एक तुकडा काढून शेजाऱ्याला दिला. मग तिच्याकडे पाहून अगदी मनापासून, अदबीने म्हणाला,

"छान झालाय भात, बिनेता न्जाय."

गाडीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजरा वळवल्या. कुणा जोपने न्जायच्या भाताला छान म्हटलेलं त्या तळावर आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बिनेताला वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. पण जेवणारा जेवत होता, आणि जेवणाऱ्यासमोरून उठायचं नसतं. तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि त्याचं पोट भरेपर्यंत ती मान खाली घालून तिथेच बसून राहिली.